पक वेळेवर सर्व्ह झाला

पाहुण्याला पाणी हवंय, बिल हवंय, की नुसतं कुणाशी तरी दोन शब्द बोलायचेत, हे लिओनार्ड तुस्कानोला त्याच्या मानेवरून कळतं. दुबई मरीनातल्या एका हॉटेलात तो बँक्वेट कॅप्टन आहे. लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, सुट्टीच्या दिवसाचा ब्रंच, जिथे शे-दोनशे माणसं एकदम जेवायला बसतात तिथे लिओनार्ड असतो. मूळचा वसईजवळच्या भुईगावचा. उंची बेताची, बूट लख्ख, बोलणं मऊ. बर्फाशी त्याचा संबंध आला तो सरबताच्या ग्लासातल्या खड्यांपुरता. तरीही आइस हॉकीबद्दल त्याच्याशी बोलायला बसलात, तर समोरचा चहा निवून जाईल.

ह्याला कारण त्याची मुलं. मुलगा व्हर्नन शाळेत असताना शेजारचं एक कॅनेडियन कुटुंब देश सोडून निघालं. जाताना लोक सोफे, कुंड्या, मायक्रोवेव्ह वाटून टाकतात. ह्यांनी आपल्या मुलाचं हॉकीचं सगळं सामान व्हर्ननला दिलं. बुटांपासून हेल्मेटपर्यंत. एवढं सामान घरात आलंय तर मुलगा खेळणारच, असं म्हणत ओल्गानं त्याला मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर घातलं. ओल्गा म्हणजे लिओनार्डची बायको; शारजातल्या रोल्ला भागात एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, आणि घरातले बहुतेक निर्णय तिथूनच फोनवर घेते.

मॅच असायच्या शुक्रवारी सकाळी. तेव्हा सुट्टी शुक्रवारची होती आणि शुक्रवार म्हणजे ब्रंच. ब्रंचला सुट्टी मागणारा कॅप्टन अजून जन्मायचा होता. मग व्हर्ननची धाकटी बहीण क्लेअर, वय वर्षं अकरा, काचेला नाक लावून मैदानाशेजारी बसायची आणि पप्पांना फोन करायची. हॉटेलच्या पॅन्ट्रीत, ग्लास पुसायच्या टेबलावर, फोन स्पीकरवर ठेवलेला असायचा. एका बाजूला लिओनार्ड ग्लास वाफेवर धरून पुसतोय, दुसऱ्या बाजूला बेकरीतला मुश्ताक परकार पावाची टोपली भरतोय, आणि मधे फोन.

पहिल्या दिवशी त्या फोनमधून फक्त एकच गोष्ट ऐकू आली. "ओ माय गॉड! पप्पा, ओ माय गॉड!"

"अगं, पण ओ माय गॉड कुठे झालं?" लिओनार्ड म्हणाला.

"व्हर्नन... ओ माय गॉड!"

"क्लेअर, थांब. मला इथे फक्त ग्लास दिसतायत. आधी जागा सांग. पक कुठे आहे ते. मग कुणाकडे आहे ते सांग. आणि मग काय ओरडायचं ते ओरड."

पक म्हणजे रबराची ती काळी, जाड चकती. काठ्यांनी ढकलत, बर्फावरून घसरत ती समोरच्यांच्या जाळ्यात घालायची, एवढाच हा खेळ. पण ती चकती इतकी जोरात पळते की मैदानात बसलेल्यांनाही अनेकदा दिसत नाही. पॅन्ट्रीतल्या दोघांना ती क्लेअरच्या आवाजातून दिसायला लागली. "लेफ्ट कॉर्नर. दे हॅव इट. नाऊ मिडल. व्हर्नन हॅज इट." मुश्ताक, ज्याने दापोलीत क्रिकेटखेरीज काही पाहिलं नव्हतं, टोपली हातात धरून तसाच उभा राहायचा. "लिओभाई, कोपऱ्यातून पास द्यायला सांग तिच्या भावाला!" जणू फोन उलट दिशेनेही मैदानात ऐकू जात होता.

व्हर्ननने दोन वर्षांत हॉकी सोडली आणि गिटार धरली. क्लेअरने सोडली नाही. तिला खेळता फारसं येत नव्हतं. तिला सांगता येत होतं.

आज ती अमेरिकेत आहे, मिनेसोटात. तिथे एका कॉलेजात पत्रकारिता शिकते आणि कॉलेजच्या रेडिओवर आइस हॉकीच्या सामन्यांची कॉमेंट्री करते. कॉलेज नदीच्या एका काठावर. दुसऱ्या काठावर आणखी एक कॉलेज. दोघांचं हॉकीवरून इतक्या पिढ्यांचं वैर, की तिथले लोक एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, 'पलीकडचे' म्हणतात. दर फेब्रुवारीत ह्या दोघांचा एक सामना होतो आणि त्या दिवशी गावातली दुकानंसुद्धा लवकर बंद होतात. टीव्हीवर तो मोठी वाहिनी दाखवते, तिची स्वतःची माणसं येतात. कॉलेजच्या हातात उरतो तो रेडिओ. ह्या वर्षी रेडिओच्या त्या खुर्चीवर कुणी बसायचं, क्लेअरने की तिच्याच वर्गातल्या एका मुलाने, हे तिच्या विभागाच्या बाई ठरवणार होत्या. त्या मुलाचे आजोबा कॉलेजच्या संघातून खेळलेले. क्लेअरचे आजोबा भुईगावला केळी लावायचे.

"पप्पा, मला ही मॅच हवीय," तिने फोनवर सांगितलं होतं. हे ती मराठीत बोलली. एरवी लिओनार्ड मराठीत विचारतो, क्लेअर इंग्रजीत उत्तर देते आणि दोघांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यामुळे ती मराठीत बोलली म्हणजे गोष्ट किती खोल गेलीय ते लिओनार्डला कळलं.

त्या कॉलेजच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान आहे. सामना झाला की ते तिथे जमतात आणि भांडतात. कोण चांगला खेळला, पंच कसा आंधळा होता, प्रसारण कसं झालं. लिओनार्ड रोज सकाळी शारजाहून मरीनाला येताना ते पान वाचायचा. मुश्ताक गाडी चालवायचा, धनंजय मागे डुलक्या काढायचा. धनंजय नाशिकचा, तिशीतला, हॉटेलात ड्युटी मॅनेजर; पदाने लिओनार्डच्या वर, पण गाडीत त्याला 'कॅप्टन' म्हणणारा.

जानेवारीतल्या एका सकाळी पानावर क्लेअरचा विषय निघाला होता.

"काय लिहिलंय?" मुश्ताकने विचारलं.

"एक म्हणतो, ही मुलगी विमानतळावरच्या अनाउन्समेंटसारखी बोलते."

"मग चांगलंच की. विमानतळावरचं सगळ्यांना कळतं."

"दुसरा म्हणतो, ती कुठून आलीय, आपल्या खेळातलं तिला काय कळणार."

मुश्ताकने गिअर जरा जास्तच जोरात टाकला. "आपल्या खेळातलं! बर्फ काय ह्यांच्या बापाचा आहे?"

"तिसरा म्हणतो, पक कुठे आहे ते सारखं सारखं काय सांगते."

लिओनार्डने फोन मांडीवर उलटा ठेवला. बाकीचं त्याला चाललं असतं. हे मात्र त्याच्या मनाला लागलं, कारण ती सवय तिला त्यानेच लावली होती. आणि बाई निवड करताना श्रोते काय म्हणतात तेही बघणार, असं क्लेअर म्हणाली होती.

आता पुढे जे घडलं ते कळायला दुबईतल्या हॉटेलात काम केलेलं असावं लागतं. तिथे वेटरचं नशीब पाहुण्याच्या कॉमेंटवर चालतं. पाहुण्याने जाताना इंटरनेटवर दोन ओळी लिहिल्या, त्यात तुमचं नाव घातलं, की महिनाअखेरीला मॅनेजर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवतो, फोटो भिंतीवर लागतो, बढतीच्या वेळी कागद पुढे येतो. त्यामुळे पाहुणा खूश दिसला की पोरं हळूच म्हणतात, "सर, इफ यू डोन्ट माइंड, माझं नाव लिहाल का?" ह्यात कुणाला लाज वाटत नाही. लिओनार्डनेच कितीतरी नव्या पोरांना ते नीट, अदबीने कसं मागायचं ते शिकवलं होतं.

तेव्हा मुश्ताकने लाल सिग्नलला गाडी थांबवून जे सुचवलं, ते तिघांनाही अगदी सरळ वाटलं.

"कॉमेंट टाकू या ना! आपली एवढी पोरं आहेत."

दुपारच्या जेवणाच्या वेळी लिओनार्डने स्टाफ कॅफेटेरियात पोरं जमवली. नेपाळी, मल्याळी, फिलिपिनो, दोन केनियाचे. क्लेअरला सगळे ओळखत होते. लहानपणी ती पॅन्ट्रीत येऊन क्रोसाँ खाऊन गेलेली. धनंजयने ड्युटी मॅनेजरच्या अधिकाराने सूचना दिल्या.

"सगळ्यांनी नाव घाला. मिस क्लेअर. नाव नसलं तर कॉमेंटचा काही उपयोग नाही. आणि कॉपी-पेस्ट नको, लगेच ओळखू येतं. आपापल्या शब्दांत लिहा."

"मॅच कुठली लिहू, सर?"

"मागचीच. छान झाली म्हण. यल्ला, लवकर, तीनला टी-ब्रेक सेट करायचाय."

त्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलं. अडचण एवढीच, की त्या सगळ्यांचे आपापले शब्द एकाच जागी शिकलेले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिओनार्ड रोल्लातल्या घरी बूट पॉलिश करत बसला होता. क्लेअरचा फोन आला. तिकडे सकाळ होती.

"पप्पा. डिड यू डू धिस?"

"काय गं?"

"थांब, मी वाचते." आणि ती वाचायला लागली. इंग्रजीतलं ते हॉटेलचं गुळगुळीत बोलणं तिच्या तोंडून फार विचित्र ऐकू येत होतं. "मिस क्लेअर यांची सेवा अत्यंत तत्पर होती. संपूर्ण सामन्यात त्या हसतमुख होत्या. पक वेळेवर सर्व्ह झाला. कुटुंबासह पुन्हा नक्की येऊ." ती थांबली. "पक वेळेवर सर्व्ह झाला. पप्पा, हू राइट्स लाइक दॅट?"

लिओनार्डच्या हातातला ब्रश थांबला. ते वाक्य मुश्ताकचं होतं. त्याचं त्यालाच ते फार आवडलं होतं.

"अशा तीस आहेत," क्लेअर म्हणाली. "सगळे हसतायत. एकाने विचारलंय, ह्या मॅचला नाश्ता इन्क्लुडेड होता का? पलीकडचे म्हणतायत, आम्हाला लेट चेकआउट मिळेल का. आणि काही जण हसत नाहीयेत. ते म्हणतायत, ह्या मुलीने स्तुती विकत घेतली. बाईंनी मला बोलावलंय." मग तिचा आवाज खाली आला. "आय वॉज डूइंग ओके, पप्पा. मी एकटी ठीक करत होते."

फोन ठेवल्यावर लिओनार्ड बराच वेळ एकच बूट हातात धरून बसला. ओल्गाने सगळं ऐकलं होतं. ती स्वयंपाकघरातून आली नाही; तिथूनच बोलली.

"लिओ, ती अकरा वर्षांची होती तेव्हा बरोबर होतं. तिला तुझी गरज होती."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"ते माहितीय. पण हॉटेलात आलेला माणूस आपला पाहुणा असतो, नाव लिही म्हटलं तर लिहितो. ती तिकडची माणसं तुझे पाहुणे आहेत का? तीच तिकडे पाहुणी आहे. आणि पाहुणीचं नाव तू खराब केलंस."

लिओनार्डला तिचं म्हणणं पटलं.

पंचवीस वर्षांत त्याने एक गोष्ट पाळली होती. टेबलावर चूक झाली, चुकीची डिश गेली, कुणाच्या कोटावर रस्सा सांडला, तर तो वेटरला पुढे करत नसे. स्वतः जायचं. सरळ उभं राहायचं. काय झालं ते सांगायचं, कुणाकडून झालं ते सांगायचं, आणि मधे 'पण' हा शब्द येऊ द्यायचा नाही. आता टेबल मिनेसोटात होतं, एवढाच फरक.

त्या कॉलेजच्या रेडिओवर दर रविवारी सकाळी चाहत्यांचा एक कार्यक्रम असतो. लोक फोन करतात आणि हवेत भांडतात. तिकडची सकाळ म्हणजे शारजातली संध्याकाळ. लिओनार्डने फोन करायचं ठरवलं.

"क्लेअरला विचारलंस?" ओल्गाने विचारलं. "की पुन्हा तसंच?"

त्याने क्लेअरला विचारलं.

"ओके," ती म्हणाली. "पण जे झालं तेवढंच सांगायचं. आणि माझी स्तुती करायची नाही. नॉट वन वर्ड. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसला. रेडिओवर कोण बघणार आहे, असं ओल्गा म्हणाली नाही. तिने स्वतःही केस नीट बांधले होते. कार्यक्रम चालवणारा एक म्हातारा चाहता होता, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्याचा आवाज खरखरीत आणि मिस्कील.

"पुढचा फोन. कुठून बोलताय?"

"शारजा, सर."

"शारजा? ते कुठल्या काउंटीत येतं?"

"फार दक्षिणेला, सर."

तिकडे दोन-चार जण हसले. लिओनार्ड उभा राहिला. बसून त्याला असलं काही बोलता येत नाही.

"सर, माझं नाव लिओनार्ड तुस्कानो. क्लेअर माझी मुलगी. तुमच्या पानावर तीस कॉमेंट आल्या त्या आमच्या हॉटेलच्या स्टाफने लिहिल्या. लिहायला मी सांगितलं. त्यांच्यातल्या कुणीही ती मॅच ऐकली नव्हती. क्लेअरला ह्यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या व्यवसायात असं करतात; तुमच्याकडे करतात का, हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. त्या तीस कॉमेंट कृपा करून काढून टाका. मी तुमची माफी मागतो."

मग म्हातारा म्हणाला, "मिस्टर तुस्कानो, एक विचारू? 'पक वेळेवर सर्व्ह झाला' हे कुणाचं?"

"आमच्या बेकरीच्या शेफचं, सर."

"त्याला सांगा, माझ्या बायकोने ते फ्रिजवर लावलंय." पुन्हा हशा झाला, पण आता त्यात बोचरं काही नव्हतं. "बरं, मला सांगा, तुम्ही स्वतः ऐकता ना तिला? मग कशी आहे तुमची मुलगी? बरी आहे का?"

हा चेंडू त्याच्या हातात अलगद आला होता. ओल्गाने त्याची बाही पकडली. इतक्या वर्षांचे शुक्रवार लिओनार्डला एकदम आठवले. सांगण्यासारखं इतकं होतं, की एक तास पुरला नसता.

"सर," तो म्हणाला, "ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही असं मी मुलीला वचन दिलंय."

म्हातारा खो खो हसला. "मिस्टर तुस्कानो, ह्या कार्यक्रमात आजवर फोन केलेले तुम्ही पहिले बाप, जे गप्प बसले!"

लिओनार्डचा फोन संपला, पण कार्यक्रम चालूच होता. दोघं तसेच कान लावून राहिले. मागाहून आणखी एकाचा फोन आला. त्याने नाव सांगितलं नाही. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायची गाडी चालवतो, एवढंच म्हणाला.

"हिमवर्षाव आणि मॅच नेमकी एकाच दिवशी येतात," तो म्हणाला. "मला कधी टीव्ही मिळत नाही. इतकी वर्षं रेडिओवाले ओरडायचे आणि मला कळायचं नाही की कशाला ओरडतायत. गोल आपला झाला की त्यांचा, हेसुद्धा उशिरा कळायचं. ह्या पोरीच्या वेळी मला गाडीतून मैदान दिसतं. बाकी ती कुठली का असेना. फक्त तिला सांगा, आमच्या गावाचं नाव तिने दोन्ही वेळा चुकीचं घेतलं."

ओल्गाने लिओनार्डकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा तिला दिसू नये अशी त्याची खटपट चालली होती.

"हा आपला माणूस नाही ना?" तिने हळूच विचारलं. "मुश्ताकने कुणाला सांगितलं नसेल ना?"

"नाही गं," तो म्हणाला. "आपल्यातल्या कुणाला एवढं चांगलं बोलता येत नाही."

निकाल मंगळवारी लागला. बाईंनी त्या तीस कॉमेंट बाजूला ठेवल्या, बाकीच्या बऱ्यावाईटही ठेवल्या. दोन्ही मुलांची रेकॉर्डिंग घेऊन त्या आपल्या गाडीत जाऊन बसल्या, डोळे मिटले आणि ऐकलं. क्लेअरने हे सगळं एका दमात सांगितलं आणि मग शेवटचं वाक्य सांगितलं.

"आय गॉट इट, पप्पा. अँड बाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांना सीझन संपेपर्यंत रेडिओवर फोन करायला बंदी."

"मान्य," लिओनार्ड म्हणाला. "एकदम मान्य."

सामना तिकडे शुक्रवारी संध्याकाळी. इकडे शनिवारची पहाट उजाडत होती, आणि आता ब्रंच शनिवारी असतो. मुश्ताकची गाडी रोल्लातून निघाली तेव्हा पुढे मुश्ताक आणि लिओनार्ड, मागे धनंजय, आणि त्याच्या शेजारी ओल्गा. तिला त्या दिवशी सुट्टी होती.

"वहिनी, तुम्ही कुठे?" मुश्ताकने विचारलं.

"मॅचला," ओल्गा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

फोन गाडीच्या स्पीकरला जोडला. हायवे मोकळा होता. डाव्या हाताला वाळूवर पिवळट ऊन पसरत होतं, आणि गाडीत, हजारो मैलांवरच्या बर्फावर, क्लेअर बोलत होती. इंग्रजीत, जोरात, न अडखळता. पक उजव्या भिंतीला. पलीकडच्यांच्या अकरा नंबरकडे. मागे दिला. आता आपल्या जाळ्यासमोर, अडवला! मुश्ताकने दोनदा लेन चुकवली. धनंजय आता डुलक्या काढत नव्हता. दोन सीटच्या मधून डोकं पुढे घालून बसला होता. एके ठिकाणी क्लेअरने हिमवर्षावात रस्ते साफ करणाऱ्यांना नमस्कार सांगितला आणि एका गावाचं नाव घेतलं, जरा सावकाश, जपून. ओल्गा पुटपुटली, "बरोबर घेतलं असेल ना गं बाई आता."

हॉटेलजवळ पोहोचले तेव्हा बरोबरी होती, तीन-तीन. जादा वेळ सुरू व्हायचा होता. आता जो आधी गोल करील तो जिंकला.

"खाली बेसमेंटला गेलो की नेटवर्क जातं," मुश्ताक म्हणाला.

"मग जाऊ नकोस."

"इथे थांबलो तर दंड होईल, कॅप्टन," धनंजय म्हणाला.

"तू ड्युटी मॅनेजर आहेस ना? उतर आणि कुणी आलं तर बोल त्याच्याशी."

धनंजय उतरला नाही. कुणीच उतरलं नाही. गाडी इंडिकेटर लुकलुकत फुटपाथला उभी राहिली.

जादा वेळात गोलकीपर सोडून दोन्हीकडचे तीन-तीनच खेळाडू असतात, त्यामुळे मैदान मोकळं असतं आणि पक कुठूनही कुठेही जातो. क्लेअरचा आवाज जराही चढला नाही. फक्त वाक्यं आखूड झाली. पक मधल्या रेषेवर. आपल्याकडे. डावीकडे पास, चुकला. पलीकडच्यांकडे. सत्तावीस नंबर, एकटा, समोर फक्त गोलकीपर. उजवीकडे गेला. परत मधे. गोल. आणि मग तिने तितक्याच भरल्या आवाजात सांगितलं: पलीकडचे जिंकले. चार-तीन. ह्या वर्षी नदी त्यांची. ते सांगून ती थांबली, आणि गाडीत पलीकडच्यांचा जल्लोष घुमू लागला.

"हरलो?" ओल्गाने विचारलं.

"हरलो," लिओनार्ड म्हणाला.

"मग तू हसतोस काय?"

"बघितलंस ना? तिने तो गोल तोंडातल्या तोंडात नाही सांगितला. आपला असता तर सांगितला असता तसाच सांगितला. त्या पलीकडच्यांचीही माणसं गाड्यांतून ऐकत असतील, ओल्गा. त्यांनाही आज दिसलं."

मुश्ताकने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "लिओभाई, तो पास द्यायचाच नव्हता. डावीकडे माणूसच नव्हता."

मग क्लेअरचा फोन आला. मागे माणसांची गर्दी, खुर्च्या सरकवल्याचे आवाज.

"वी लॉस्ट, पप्पा."

"हो. गोलकीपर फसला. सत्तावीस नंबर उजवीकडे वळला तेव्हा तो पार खाली बसला असणार, म्हणून मधे जागा मोकळी झाली."

"येस. पण मी ते सांगितलं नव्हतं. वेळच नव्हता."

"तू बाकीचं सांगितलंस ना. त्यावरून तेही दिसलं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. "आता स्तुती केली तर चालेल," क्लेअर म्हणाली. "प्रॉमिस फक्त रेडिओपुरतं होतं."

पण लिओनार्डला काही बोलता येईना. ओल्गाने त्याच्या हातातून फोन घेतला आणि पहिल्यांदा, जेवलीस का, हे विचारलं.

ब्रंच वेळेवर सुरू झाला. काचेच्या दारापाशी लिओनार्ड रोजच्यासारखा उभा होता, कोट बंद, हात मागे. पहिलं आलं ते एक वयस्क जोडपं, नेहमीचं, खिडकीजवळचं टेबल घेणारं. गृहस्थांनी नेहमीसारखं विचारलं, "गुड मॉर्निंग, लिओनार्ड. हाऊ आर यू टुडे?"

ह्या प्रश्नाचं 'व्हेरी वेल, सर, थँक यू' हे एकच उत्तर तो इतकी वर्षं देत आला होता.

"सर," तो म्हणाला, "आज माझ्या मुलीने अमेरिकेत आइस हॉकीच्या मोठ्या सामन्याची कॉमेंट्री केली. रेडिओवर. संपूर्ण सामना."

"अरे वा! आणि जिंकलं कोण?"

"समोरचे, सर," लिओनार्डने सांगितलं, आणि ते अशा चेहऱ्याने सांगितलं की त्या गृहस्थांनी त्याचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं.